अकरा उद्गारचिन्हे

तमाम मराठी वाचकांस, तसेच लिहिणाऱ्यांस, आणि विशेषतः लिहिता लिहिता स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन मान डोलावणाऱ्यांस या जाहीर निवेदनाद्वारे कळवण्यात येते की, प्रस्तुत इसम वयाच्या बाविसाव्या वर्षी, दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या साली, मुक्काम सांगली येथे, उद्गारचिन्हांची बेसुमार उधळपट्टी आणि पूर्णविरामांची अक्षम्य उपेक्षा या दोन गुन्ह्यांखाली मुद्देमालासह पकडला गेला. मुद्देमाल शिशाचा होता. साक्षीदार एकच होता, आणि तोही चौथी नापास. आरोपीने गुन्हा तत्काळ कबूल केला, असे मी लिहिणार होतो. पण इतक्या वर्षांनी खोटे बोलायचे तर निदान काही फायद्याचे बोलावे. आरोपीने आठ दिवस काहीही कबूल केले नाही.

निवेदन संपले. आता नीट सांगतो.

साताऱ्यात मी लेखक होतो. साताऱ्यात म्हणजे आमच्या पेठेत, आणि पेठेत म्हणजे आमच्या आळीच्या दोन्ही टोकांच्या मध्ये. कुणाचा निरोपसमारंभ असो, कुणाची मुंज असो, आभाराचे भाषण माझ्याकडून लिहून घेत. माझे भाषण वाचणाऱ्याला दम लागायचा, हे खरे आहे. पण दम लागला की चेहरा लाल होतो, आणि लाल चेहऱ्याने बोलणारा माणूस अगदी मनापासून बोलतो आहे असे लोकांना वाटते. त्यामुळे माझी कीर्ती वाढत गेली. वाक्य कुठे थांबवावे हा प्रश्न मला पडतच नसे. कागद संपला की वाक्य संपे.

कीर्तीवर जेवण मिळत नाही. वडील लहानपणीच गेलेले; मी आणि आई काकांच्या घरी राहत होतो, आणि काकांचे तपकिरीचे दुकान होते. मी एका कचेरीत उमेदवारी करून पाहिली. तिथल्या साहेबांनी माझा सात पानी अहवाल वाचला आणि पाऊस पडला की नाही तेवढे सांगा, असे म्हणून मला घरी पाठवले. दुसऱ्या ठिकाणी तर अर्जावरच काम भागले. तेव्हा काकांनी शांतपणे सांगून टाकले की, आता तिसऱ्यांदा परत आलास तर दुकानाच्या गादीवर बसायचे, आणि पुन्हा उठायचे नाही. तपकिरीच्या दुकानात ज्याने आयुष्य काढलेले नाही त्याला या शिक्षेची कल्पना यायची नाही. तिथे बसणाऱ्याला दिवसभरात एक वाक्य सलग बोलता येत नाही. काकांनी काकूला लग्नाचे विचारले तेसुद्धा म्हणे चार हप्त्यांत.

अशा वेळी ओळखीच्या ओळखीने सांगलीच्या एका लहानशा छापखान्यात माझी वर्णी लागली. गणपतीच्या देवळाकडून नदीकडे जाताना एका बोळात हा छापखाना होता. काम दोन प्रकारचे. छापायच्या मजकुराची प्रुफे तपासायची, आणि ज्या गिऱ्हाइकाला मजकूर लिहिता येत नाही त्याला तो लिहून द्यायचा. मालक पन्नाशीचे, टोपी कधी न काढणारे, मोजके बोलणारे. ते म्हणाले, महिनाभर ठेवतो, मग बघू.

मी त्याच दिवशी आईला पत्र टाकले की नोकरी कायम झाली. पुढे तीन उद्गारचिन्हे. आईने आळीत साखर वाटली, हे मला तिच्या उत्तरावरून समजले, आणि त्या क्षणापासून महिना फार लवकर सरू लागला.

छापखान्यात खिळे जुळवायला एक गृहस्थ होते. आटपाडीकडचे, मालकांच्याच वयाचे, चौथी नापास. चष्म्याची एक काडी दोऱ्याची. बोटे कायमची काळी. सगळे त्यांना दादा म्हणत. एकेका अक्षराचा एकेक शिशाचा खिळा, आणि लाकडी केसमध्ये प्रत्येकाचा वेगळा कप्पा. दादांचा हात न बघता कप्प्याकडे जायचा आणि ओळ तयार व्हायची. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. दादा उलटे अक्षर सरळ अक्षराहून जलद वाचत. मी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितले की मराठीत मी शाळेत पहिला होतो. तेव्हापासून ते मला शास्त्रीबुवा म्हणू लागले.

मी इतरांच्या चुका फार छान पकडत असे, हे आत्मस्तुतीचा दोष पत्करून सांगतो. वकिलांच्या नोटिशीतला हरवलेला काना मला लांबून दिसे. एका वैद्यांच्या पत्रकात तर मी एका बैठकीत एकोणीस चुका काढल्या आणि चहा मागवला. पण स्वतःचा मजकूर हाती आला की माझे डोळे एकदम सासरी आल्यासारखे मर्यादशील होत. काही वर नाही, काही खाली नाही, सगळे गोड.

तिसऱ्या आठवड्यात मी एका दंतमंजनवाल्याला जाहिरात लिहून दिली. 'हे दातांनो!' अशी सुरुवात होती. जाहिरात छापून झाली आणि मालकांनी सांगितले की, हे मॅटर शास्त्रीबुवांनीच सोडायचे. मॅटर सोडणे म्हणजे छपाई झाल्यावर ओळी मोडून खिळा न् खिळा धुऊन पुन्हा आपापल्या कप्प्यात टाकणे. हे कंटाळवाणे काम नव्या माणसाच्या गळ्यात घालतात. मी बाह्या सरसावून बसलो.

दादांची एक पद्धत होती. विरामचिन्हे ते आधी वेगळी काढायला लावत, कारण ती बारीक असतात आणि अक्षरांत हरवतात. मी काढत गेलो, आणि समोर छोटे छोटे ढीग होत गेले. दादा तंबाखू मळत पाहत होते. त्यांनी मग सहज सांगितले की गावातला कोण लिहिणारा कसा आहे हे ते त्या ढिगांवरूनच ओळखतात. वकीलसाहेबांचा ढीग अर्धविरामांचा. त्यांना कुठलीच गोष्ट पुरती संपलेली आवडत नाही. वैद्यबुवांचे सगळे कंसात. कीर्तनकार नुसते प्रश्न विचारतात आणि उत्तर द्यायचे विसरतात.

"आन् तुमचा हा," ते म्हणाले.

मी पाहिले. एका बोटभर जाहिरातीतून उद्गारचिन्हांचा एक ढीग निघाला होता, मुठीत मावणार नाही एवढा. दादा त्यांना सोटे म्हणत. शेजारी स्वल्पविरामांची एक टेकडी. आणि त्यांच्या पलीकडे, दूर, गावाबाहेर बसवल्यासारखे तीन पूर्णविराम.

"तीन?" मी म्हणालो. "कुठे तरी पडले असतील."

"पडत न्हाईत माझ्याकडं," दादा म्हणाले. "आवं शास्त्रीबुवा, दात घासाया सांगताय का लढाईला धाडताय गिऱ्हाइकाला?"

मी हसण्यावारी नेले. शैली आहे, म्हणालो. पण संध्याकाळी खोलीवर जाताना घाटाच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा तो ढीग डोळ्यांसमोरून जाईना. लिहिलेल्या पानावर दोष असले तर माणूस म्हणू शकतो की वाचणाऱ्याला कळले नाही. ढिगापुढे काय म्हणणार? माझे सगळे लेखन कुणी तरी कोरडे करून, चाळून, माझ्यासमोर ठेवले होते, आणि त्यात सगळ्यात जास्त काय होते, तर आरडाओरडा.

तरी कबुलीजबाब अजून दूर होता. तो एका मोटारीने आणला.

सांगलीहून आटपाडीकडे जाणारी एक प्रवासी मोटार होती, आणि तिचा ड्रायव्हर म्हातारा होऊन आता घरी बसणार होता. त्या रस्त्यावरच्या पाच गावांनी मिळून त्याला मानपत्र द्यायचे ठरवले. तेव्हा मानपत्रांचे मोठे प्रस्थ होते. जाड कागद, भोवती वेलबुट्टी, वर चौकट आणि काच. पण मानपत्र मिळे ते पुढाऱ्याला नाही तर साहेबाला. ड्रायव्हरला मानपत्र मी तरी प्रथमच ऐकत होतो. गावाकडची चार माणसे छापखान्यात आली. त्यांचे म्होरके एक पेन्शनर हवालदार होते. ते म्हणाले, मजकूर तुम्हीच लिवा, आमास्नी लिवता येत न्हाई, पर ऐकताना कळतं.

ती माणसे गेल्यावर मालकांनी मला जवळ बोलावले. महिना भरत आला होता. ते म्हणाले की हे मानपत्र झाले की तुमचे काय ते ठरवून टाकू. आपण स्वतः समारंभाला येणार आहोत, असेही म्हणाले. एवढेच. पुढे ते प्रूफ वाचायला लागले. मला एकदम तपकिरीचा वास आला.

मी दोन दिवस खपून मसुदा केला. 'हे धूलिधूसरित मार्गांनो! हे वळणांनो! हे पाषाणांनो! सांगा, सांगा, कोण तो वीर!' मी तो दादांपुढे ठेवला आणि बाजूला हात बांधून उभा राहिलो, फोटो काढायला उभे राहतात तसा. दादांनी वाचला नाही. त्यांनी पेन्सिलीने चिन्हे मोजली. मग उठून मोठ्या टाइपाची केस ओढली, एक कप्पा तळहातावर उपडा केला आणि माझ्यापुढे धरला.

मानपत्राचा टाइप मोठा असतो. त्या मोठ्या टाइपात छापखान्याकडे उद्गारचिन्हे होती अकरा. त्यांतल्या दोहोंचे ठिपके तुटलेले. लढाईपासून शिसे मिळेना, मुंबईला मागणी नोंदवून वर्ष झाले होते. माझ्या मसुद्यात लागत होती त्रेचाळीस.

"मग काय करायचं?" मी विचारले.

"मला काय इचारता? हे नऊ सोटे धरा. खिशात ठेवा. लिवताना एक वापरला की एक टेबलावर ठेवायचा. संपलं की संपलं."

मी रागावलो. कला काय खिळ्यांच्या हिशेबाने चालते, असे बरेच काही बोललो. दादांनी ऐकून घेतले, नऊ खिळे माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकले आणि कामाला लागले.

त्या खिशातल्या खिळ्यांनी मला जे शिकवले ते शाळेतल्या व्याकरणाने शिकवले नव्हते. पहिल्या प्रयत्नात ड्रायव्हरचा उल्लेख येण्याआधीच खिसा रिकामा. दुसऱ्यांदा मी चिक्कूपणा केला. एकेक चिन्ह काढायचे, बोटात फिरवायचे, वाक्याकडे पाहायचे आणि परत खिशात टाकायचे. आणि मग एक भयंकर गोष्ट ध्यानात आली. चिन्ह काढून घेतले की वाक्यात काहीच उरत नव्हते. 'हे वळणांनो' या शब्दांना ओरडण्यापलीकडे काही सांगायचेच नव्हते. मी ड्रायव्हरबद्दल त्रेचाळीस वेळा ओरडलो होतो आणि मला त्याच्याविषयी एकही गोष्ट माहीत नव्हती.

दुपारी मी दादांच्या शेजारी स्टूल ओढून बसलो आणि विचारले, तुम्ही त्या रस्त्याचे. हा माणूस करत काय असे?

दादा खिळे जुळवत जुळवत सांगत गेले. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा गाड्यांच्या मागे कोळशाची शेगडी बसवली होती. चढ आला की गाडी दम टाकायची आणि सगळ्यांना उतरून ढकलावे लागायचे. म्हातारे आणि पोटुशी बाई यांना हा ड्रायव्हर उतरू देत नसे. क्लीनरला स्टिअरिंगवर बसवून स्वतः मागून खांदा लावी. शेतातून कुणी धावत येताना दिसले की थांबे. माणूस अजून दोन बांध पलीकडे असला तरी थांबे, मग आतले लोक शिव्या देवोत. त्या बाजूची पोरे पलटणीत भरती व्हायला त्याच्याच गाडीने जात. त्यातल्या काहींच्या घरी पुढे मेल्याची तार येई.

दादांनी हातातली ओळ पुरी केली. मग म्हणाले, "ज्या गावात तार आली आसंल, त्या गावातनं जाताना त्यो हारन वाजवत नव्हता. म्हैना म्हैना. लोकं आपली रस्त्याकडंला येऊन बघत ऱ्हायची, गाडी आली का न्हाई ते."

मी खोलीवर गेलो आणि लिहिले. हॉर्नचे वाक्य लिहिले आणि सवयीने खिशात हात घातला. चिन्ह वाक्यापुढे ठेवून पाहिले. मग उचलले. तिथे ते कुणी मयताच्या घरी ताशा वाजवावा तसे वाटत होते. मी पूर्णविराम दिला, आणि बाविसाव्या वर्षी मला पहिल्यांदा कळले की पूर्णविराम हेही काही तरी लिहिणे आहे.

मी एकदम सुधारलो असे कुणी समजू नये. व्याकरण बाकी होते. मजकूर जुळवून झाल्यावर दादांनी मला कागदी प्रूफ दिलेच नाही. शिशातच वाचा, म्हणाले, उलटे, एकेक अक्षर. सरळ वाचताना माणूस आपल्याच आवाजावरून घसरत जातो. उलटे वाचताना घसरता येत नाही, पायरी पायरीने उतरावे लागते. तिसऱ्या ओळीत मी अडखळलो. वाक्याच्या सुरुवातीला ड्रायव्हर बसला होता. मध्ये प्रवासी चढले, पावसाळा आला, कोळसा भरला गेला, आणि शेवटी क्रियापद आले ते शेगडीला लागू पडत होते. मी लिहिल्याप्रमाणे पाच गावे मिळून शेगडीचा सत्कार करत होती. मी ते वाक्य चार ठिकाणी तोडले. आणखी दोन वाक्यांत कर्ता निघून गेला होता आणि क्रियापद त्याची वाट पाहत उभे होते. त्यांना भेटवले. त्या दिवसापासून मी एक वही केली, आणि तिच्यात दुसऱ्या कुणाच्या नव्हे, माझ्याच चुका उतरवून ठेवू लागलो. वही लवकर भरली.

छापायला गेलेल्या मानपत्रात दोन उद्गारचिन्हे राहिली. सात मी परत केली. दादांनी ती मोजून कप्प्यात टाकली आणि त्या दिवशी मला शास्त्रीबुवा म्हटले नाही.

समारंभ आटपाडीच्या अलीकडे एका गावात, सकाळी उन्हाच्या आत होता. मोटार थांबायची त्या लिंबाखाली बाके मांडलेली. मोटारीलाही झेंडूचा हार. ड्रायव्हर नवे धोतर नेसून खुर्चीवर असा बसला होता, जणू कुणी तरी त्याला दुसऱ्याच्या गाडीत बसवले आहे. पाचही गावांची माणसे, बाया, बैलगाड्या. मालक आणि दादा पहिल्या बाकावर, आणि मी त्यांच्या मागे, हाताचे तळवे धोतराला पुसत.

मानपत्र वाचायला हवालदार उभे राहिले. ते पलटणीत वाचायला शिकले होते, आणि तिथल्या शिस्तीत. स्वल्पविरामाला मनात एक मोजायचे, पूर्णविरामाला एक-दो. हे मला कुणी आधी सांगितले असते तर माझी झोप उडाली असती. 'सप्रेम नमस्कार!' हे त्यांनी अशा आवाजात म्हटले की एका गाडीचा बैल गाडीसकट निघून गेला. त्याला परत आणेपर्यंत थांबावे लागले. मी डोळे मिटून त्रेचाळीस उद्गारचिन्हांचा मसुदा आठवला आणि देवाचे आभार मानले. पाच गावांत एक बैल उरला नसता.

पण पुढे वाचन असे लागले की मला स्वतःचेच शब्द ओळखू येईनात. लहान वाक्य. एक-दो. लहान वाक्य. एक-दो. कोळशाच्या शेगडीला लोक हसले. म्हाताऱ्यांना उतरू दिले नाही, याला मागून एका म्हातारीने व्हय, व्हय, असे म्हटले. बांधावरून धावत येणाऱ्यांसाठी आपण थांबलात, हे वाचल्यावर चार-पाच जण एकमेकांकडे बघायला लागले. ते धावत येणारे तेच असावेत. ड्रायव्हर पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता.

मालक काय विचार करत आहेत हे त्यांच्या टोपीवरून कळणे शक्य नव्हते. मी टोपीच पाहत होतो. त्यांनी एकदा मान दादांकडे कलती केली, मग पुन्हा सरळ.

हवालदारांनी वाचले, "ज्या गावात तार आली होती, त्या गावातून जाताना आपण हॉर्न वाजवला नाही."

एक-दो झाले. हवालदार पुढे वाचेनात. त्यांचे ओठ हलत होते, पण कागद त्यांनी थोडा खाली घेतला होता. लिंबाखाली कुणी खोकले नाही. बाया पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. एवढी माणसे एकदम गप्प झालेली मी तोवर पाहिली नव्हती.

मालकांचा सगळा जन्म छापखान्यात गेलेला. तिथे यंत्र सुरू असताना शेजारच्याला काही सांगायचे तर ओरडावेच लागते, आणि अशी तीस वर्षे काढलेल्या माणसाला आपली कुजबुज किती लांब जाते याचा अंदाज राहत नाही. ते दादांच्या कानाशी वाकले आणि त्या पाच गावांच्या शांततेत, शेवटच्या बैलगाडीपर्यंत स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"ठेवून घेऊ पोराला. कुठं गप्प बसायचं, ते कळायला लागलंय त्याला."